पोरगा 'डेंजरस' आहे का ते तपासून घेतलं: इंदूरमधली दोन सायकॉलॉजीची सेंटरं, एकाला १ स्टार, दुसऱ्याला ४

आधीच सांगतो, दोन्ही सेंटरांची नावं इथे टाकणार नाहीये. पहिल्याचं टाकलं तर भांडण होईल आणि दुसऱ्याचं टाकलं तर आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या लोकांना कळेल की हा कोणाचा मुलगा. इंदूरमध्ये मराठी माणसं ढिगाने आहेत पण सगळी कुठून ना कुठून एकमेकांची नातेवाईक निघतात, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जा, इंटरव्हलचा चहा हातात यायच्या आत तुमच्याच घरची बातमी तुम्हाला कोणीतरी सांगून मोकळं होतं. म्हणून हा बिननावाचा रिव्ह्यू. तरी लिहून राहिलो कारण जुलैमध्ये मी रात्र रात्र फोनवर शोधत बसलो होतो की असं काही असेसमेंट आपल्याकडे होतं का, किती पैसे लागतात, काय विचारतात, आणि मराठीत सोडा, हिंदीतही कोणी धड लिहिलेलं सापडलं नाही.

प्रकरण असं झालं. मुलगा दहावीत, वय १५. वर्गातल्या एका मुलाशी महिनाभर काहीतरी चालू होतं, आम्हाला पत्ताच नाही. एक दिवस याने कंपासपेटीतलं कर्कटक त्या मुलाच्या हातात घुसवलं. दोन टाके पडले. त्याच रात्री वर्गाच्या ग्रुपवर हिंदीत 'तुझे छोडूंगा नहीं' आणि खाली चाकूचं चित्र. दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट प्रिन्सिपलच्या टेबलावर. शाळेचं म्हणणं, सायकॉलॉजिस्टकडून लिहून आणा की याच्यापासून बाकी मुलांना धोका नाही, तोपर्यंत घरीच ठेवा. शाळेला मी शिव्या देत नाहीये, समोरच्या मुलाचे आईवडीलही तिथे बसले होते, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं. फक्त 'धोका नाही' असं लिहून देणार कोण आणि कशाच्या जोरावर, हे त्या खोलीतल्या कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

मी पीथमपूरला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, २१ वर्षं झाली. आमचं काम काय, पार्टला गेज (मापायचं साधन) लावायचा, बरोबर असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल, आणि शंका असेल तर पिवळा, म्हणजे होल्ड. तर माझ्या डोक्यात पण हेच, मुलाला कोणीतरी गेज लावेल, हिरवा टॅग देईल, तो नेऊन शाळेत ठेवू आणि विषय संपवू.

पहिलं सेंटर भंवरकुआंकडे, जिथे सगळे कोचिंगवाले आहेत तिकडे, लिफ्ट, एसी, काचेचं दार, भिंतीवर मेंदूचं हे मोठं पोस्टर. फोनवर म्हणाले आजच या, आजच रिपोर्ट. मला वाटलं वा, काय सर्व्हिस आहे. गेलो तर रिसेप्शनच्या मुलीने ३,८०० रुपये घेतले आणि पोराच्या हातात टॅबलेट दिला. ९० प्रश्न. कभी नहीं, कभी-कभी, अक्सर, बहुत बार. आम्हाला बाहेर बसवलं. ३५ मिनिटांत तो बाहेर. मग एक पोरगेलासा माणूस आला, त्याने मुलाला एवढंच विचारलं की गुस्सा बहुत आता है क्या, आणि मुलगा मान खाली घालून गप्प. झालं, कन्सल्टेशन संपलं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर १४ पानांची पीडीएफ, त्यात गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चित्र आणि काटा लाल पट्ट्यात. 'व्हायलन्स रिस्क: हाय.' शेवटच्या पानावर नऊ सेशनचं अँगर पॅकेज, तीन दिवसांत बुक केलं तर सूट.

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. सवय आहे, आमच्याकडे कोणी पार्ट रिजेक्ट केला तर आधी विचारतो गेज कुठला आणि कॅलिब्रेट कधी झालाय, म्हणजे गेज स्वतः बरोबर मापतो का ते कधी तपासलं. विचारलं ही टेस्ट कोणती? म्हणे इन-हाउस आहे. याचा आकडा कोणत्या मुलांशी ताडून काढला? म्हणे सॉफ्टवेअर करतं सर. रिपोर्टवर ज्यांची सही आहे त्या मॅडमना भेटू द्या. मॅडम बाहेरगावी. त्यांचा आरसीआयचा नंबर? (हे मला आदल्या रात्रीच कळलेलं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं आणि तो नंबर विचारायचा आपल्याला हक्क आहे.) म्हणे कळवतो. अजून कळवून राहिलेत.

आणि खरी गंमत तर घरी येताना स्कूटरवर कळली, चिरंजीव मागून म्हणाले, बाबा, मला बोअर झालं होतं म्हणून शेवटचे पंचवीस-तीस मी सगळे 'बहुत बार' केले.

एक स्टार. तोही एसीचा.

त्या रात्री झोप नाही म्हणून मी साधा हिशोब मांडला, जो आम्ही नवीन इन्स्पेक्टरला पहिल्या आठवड्यात शिकवतो. समजा १००० मुलं आहेत आणि त्यातली २० खरोखर पुढे काहीतरी गंभीर मारामारी करणार आहेत. समजा आपली टेस्ट चांगली आहे, दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर. मग त्या २० मधले १६ ती पकडणार, शाब्बास. पण उरलेल्या ९८० मधल्या २० टक्क्यांनाही ती लाल टॅग लावणार, म्हणजे १९६ मुलं. एकूण लाल टॅग २१२, त्यातले खरे १६. म्हणजे ज्या बापाच्या हातात लाल काटा येतो, अशा तेरा बापांतला एकच खरा. आकडे माझे, नुसते समजण्यासाठी, पण मुद्दा कोणताही आकडा घ्या तोच राहतो, जी गोष्ट मुळात कमी मुलं करतात ती आधी ओळखायला गेलं की चांगला गेजसुद्धा ढिगाने चांगले पार्ट फेकून देतो. आमच्याकडे असा पार्ट भंगारात जातो, जास्तीत जास्त पैसे बुडतात. इथे पोराला शाळेतून काढतात.

दुसरं सेंटर आमच्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोने सांगितलं. ओल्ड पलासियात एका जुन्या बंगल्याचा खालचा भाग, दारात पेरूचं झाड, बाहेर साधी पाटी आणि पाटीवर एम.फिल. आणि रजिस्ट्रेशन नंबर लिहिलेला, ते पाहूनच अर्धा जीव खाली आला. एकच मॅडम, मराठी बोलतात, तिशीतल्या असतील. पहिल्या भेटीत मुलाला आणूच नका म्हणाल्या, फक्त आईवडील. मी बसल्या बसल्या म्हटलं, मॅडम, शाळेला एक सर्टिफिकेट पाहिजे की धोका नाही. त्या म्हणाल्या, "तसं मी लिहून देणार नाही सर, आणि कोणी देत असेल तर घेऊ नका. धोका किती वाटतो, कोणाला, कधी वाढेल आणि कमी करायला कोणी काय करायचं, एवढं लिहीन." मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, नऊ हजार घेणार आणि सर्टिफिकेटही नाही. (हो, ९,००० एकूण, चार बैठका, रिपोर्ट आणि शाळेशी बोलणं धरून.)

आता हे नेमकं काय करतात ते सविस्तर लिहितो कारण मला हेच कुठे मिळालं नव्हतं.

त्यांनी जे वापरलं त्याला सॅव्हरी (SAVRY) म्हणतात, मूल पुढे हिंसा करण्याचा धोका किती ते बघायचं माप, १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी बनवलेलं, बोरम, बार्टेल आणि फोर्थ अशा तिघांनी तयार केलेलं. पोराला भरायला दिलेला पेपर नाही हा, हे मॅडम स्वतः भरतात, मुलाशी बोलून, आमच्याशी बोलून, शाळेचं रेकॉर्ड पाहून. २४ धोक्याच्या गोष्टी असतात. त्यातल्या १० मागच्या आयुष्यातल्या, म्हणजे आधी मारामारी केली का, किती लहानपणी सुरू झाली, स्वतःला इजा करून घेतली का, घरात मारहाण पाहिली का, स्वतः मार खाल्ला का, लहानपणी आईवडिलांपासून तुटला का, अभ्यासात मागे पडला का वगैरे. ६ आजूबाजूच्या, दोस्त कसे, दोस्तांनी वाळीत टाकलंय का, टेन्शन आलं की काय करतो, आईबाप कसे सांभाळतात, मागे उभं राहणारं कोणी आहे का, मोहल्ला कसा. आणि ८ त्याच्या स्वतःच्या, राग, उतावळेपणा, नशा, दुसऱ्याचं दुःख कळतं का, शाळेत मन आहे का, असं. प्रत्येकाला कमी, मध्यम, जास्त. आणि या २४ च्या बाजूला ६ गोष्टी वेगळ्या, ज्या मुलाला धरून ठेवतात, त्या आहेत किंवा नाहीत एवढंच लिहायचं.

आणि मग बेरीज नाहीच. मी दोनदा विचारलं. २४ खाने भरले आणि टोटल नाही? क्वालिटीवाल्याला हे ऐकून पोटात दुखतं. मॅडम हसल्या, म्हणाल्या टोटल मुद्दामच ठेवलेली नाही. एक मूल सतरा खान्यांत मध्यम असून शांत असेल आणि दुसरं फक्त दोन खान्यांत जास्त असेल पण त्याने दिवस ठरवलाय, सुरा आणून ठेवलाय. कोणाची टोटल मोठी? त्यामुळे खाने सगळे बघायचेच, एकही विसरायचा नाही, पण शेवटचा निर्णय माणसाने डोकं वापरून करायचा, आणि का केला ते लिहायचं. पूर्वी डॉक्टर लोक नुसत्या अनुभवाने सांगायचे की हा डेंजरस आहे, तर जॉन मोनाहन म्हणून अमेरिकेतला अभ्यासक, त्याने १९८१ मध्ये तोपर्यंतचा अभ्यास तपासून लिहिलं की असं सांगितलेल्या तीन माणसांपैकी जेमतेम एकाच्या बाबतीत ते खरं निघालं. म्हणजे नुसतं मन सांगतं ते पण नको आणि नुसती टोटल पण नको, त्याच्या मधला हा रस्ता. मला पटलं. आमच्याकडेही चेकशीट असते पण डेव्हिएशनवर (माप चुकलेला पार्ट चालवायचा का) सही माणूसच करतो.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी घरी येऊन आईला सांगितली तेव्हा आई म्हणाली हे तर मला शिकल्याशिवायच माहीत होतं. टेरी मॉफिट नावाच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी १९९३ मध्ये मांडलेलं की दंगा करणारी मुलं दोन तऱ्हेची, थोडी अशी की अगदी लहानपणापासून सुरू आणि पुढेही चालू, आणि बाकीची बहुतेक अशी की मिसरूड फुटताना सुरू होतं आणि मोठं झाल्यावर आपोआप ओसरतं. म्हणूनच मोठ्यांची मापं मुलांना लावत नाहीत आणि मुलांचं माप एकदा काढून कायमचं चिकटवत नाहीत.

दुसरी बैठक मुलाची एकट्याची, सव्वा तास. काय बोलणं झालं ते सगळं आम्हाला सांगितलं नाही, आधीच सांगून ठेवलं होतं की जिवाचा प्रश्न असेल तेवढंच सांगेन. पण एक गोष्ट त्याच्या परवानगीने सांगितली आणि ती ऐकून सौ. तिथेच रडली. आमचा मुलगा बोलताना अडखळतो. लहानपणापासून, क आणि प वर. आम्हाला सवय झालीय म्हणून ऐकूच येत नाही. वर्गात महिनाभर त्याच्या अडखळण्याचे व्हॉइस मेसेज बनवून ग्रुपवर फिरवत होते. त्या दिवशी सरांनी उभं करून धडा वाचायला लावला, आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा याच्याबरोबर हळू आवाजात प-प-प करत होता. कर्कटक तेव्हाचं. म्हणून कर्कटक मारणं बरोबर ठरत नाही, मॅडमनीही तसं म्हटलं नाही, पण बघा ना, पहिल्या सेंटरमध्ये त्याला टॅबलेट दिला. टॅबलेटला अडखळणं कसं ऐकू येणार?

त्या मेसेजबद्दल पण त्यांनी नीट खोदलं. धमकी दोन प्रकारची, एक रागाच्या भरात तोंडातून निघालेली आणि थोड्या वेळाने विरणारी, दुसरी जिच्यामागे खरंच काही ठरवलेलं असतं. अमेरिकेत व्हर्जिनियात ड्यूई कॉर्नेल या सायकॉलॉजिस्टनी २००१ पासून शाळांसाठी याची पद्धतच बसवली आहे. प्रश्न साधे असतात पण आपल्याला सुचत नाहीत. जागा ठरवली होती का, वेळ, हत्यार कुठून आणणार, कोणाला सोबत घेणार, दोस्तांना आधी सांगितलं का. घरात हत्यार आहे का हे तर प्रत्येकाला विचारलं. तिसऱ्या बैठकीला आईला नेलं होतं (आजीला आणाच म्हणाल्या), आईने सरळ सांगितलं, विळी आहे, चालेल का? मॅडमनी तेही लिहून घेतलं, खरंच.

मी मग घरी अजून वाचलं. अमेरिकेत सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने मिळून शाळांमधल्या हल्ल्यांचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापला, ३७ घटना, ४१ हल्लेखोर, आणि निष्कर्ष हा की असा मुलगा 'दिसतो कसा' याचा काही ठरलेला साचा नाही. चांगले मार्कवाले होते, ढ होते, दोस्तवाले होते, एकटे होते. पण दहातल्या आठ घटनांत दुसऱ्या कोणालातरी, बहुतेक बरोबरीच्या पोरांना, आधी कुणकुण होती. आपल्याकडे बंदुका नाहीत तशा, देवाची कृपा, पण ही कुणकुणवाली गोष्ट डोक्यात बसली. आमच्या प्रकरणात ग्रुपवर ३८ मुलं होती. महिनाभर सगळी ऐकत होती.

आता जे लिहायला नको वाटतं ते. पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारलं, घरात कोण कोणावर हात उचलतं? मी म्हटलं कोणी नाही. सौ. खाली बघत होती. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. मला वाटलं सुटलो. तिसऱ्या बैठकीत आईला तोच प्रश्न, आणि आमची आई म्हणजे, ७४ वय, तिला कशाची भीती, म्हणाली, "हा मारतो की. सातवीत असताना पट्ट्याने मारलं होतं, वळ उठले होते. याचे वडील याला मारायचे, हा त्याला मारतो. आमच्याकडे चालतं तसं." मी समोर बसलेलो. भिया, कंपनीत कस्टमर ऑडिट झालंय, आयएसओवाले येऊन गेलेत, पण असं ऑडिट माझं आयुष्यात झालं नाही. आणि मॅडमनी काही लेक्चर दिलं नाही, चेहरा पण बदलला नाही, फक्त २४ मधल्या दोन खान्यांवर पेन फिरलं. मी उलटं वाचायला शिकलोय इतक्या वर्षांत, टेबलापलीकडून दिसत होतं. मी मुलाचं असेसमेंट करायला आलो होतो आणि दोन खाने माझे भरले गेले.

मी तेव्हा वाद घातला. म्हटलं, आमच्याकडे त्याला हिंसा म्हणत नाहीत, वळण लावणं म्हणतात, माझं काय वाईट झालं? मॅडम म्हणाल्या, "तुमचं झालं की नाही ते मी तपासलेलं नाही सर, तुमच्यासाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल." ऐकून घेतलं.

उरलेले सहा खाने, धरून ठेवणारे, त्यात आमचं बरं निघालं. आजी आहे, म्हणून जीव लावणारं माणूस हा एक खाना. गणित आवडतं, म्हणून शाळेची ओढ हा दुसरा. आणि गणपतीतलं ढोलपथक, तिथे हा तीन वर्षं वाजवतो, तिथल्या दादा लोकांचं ऐकतो, आणि तिथे बोलावं लागत नाही हे आम्हाला आता कळलं. मी त्याच वर्षी पथक बंद करणार होतो, दहावी म्हणून. मॅडम म्हणाल्या, ते अजिबात बंद करू नका. आत्महत्येचंही त्यांनी मुलाला थेट विचारलं होतं, मला ते आवडलं नव्हतं, की असं विचारून डोक्यात का घालता, पण त्या म्हणाल्या विचारल्याने डोक्यात जात नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. रिपोर्टच्या खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही लिहून दिला, रात्रीबेरात्री लागला तर.

मध्येच एक गोष्ट, कारण हिच्याने मी आठवडाभर घाबरलो होतो. कंपनीतल्या एकाने सांगितलं, जपून रहा, नवीन कायद्यात १६ वर्षांच्या पोरावर मोठ्यासारखा खटला चालतो आणि त्याच्याआधी असंच मानसिक असेसमेंट करतात. अर्धं खरं. २०१५ च्या जेजे (ज्युव्हेनाइल जस्टिस, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या) अ‍ॅक्टमध्ये कलम १५ आहे, पण ते १६ ते १८ वयाच्या मुलाने 'जघन्य' गुन्हा केल्याचा आरोप असेल तरच, म्हणजे ज्याला कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे असा, आणि ते ज्युव्हेनाइल जस्टिस बोर्ड करतं, तीन महिन्यांच्या आत. आणि तिथे बघतात ते वेगळंच, गुन्हा करायची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं. म्हणजे ते मागे बघणं. आमचं होतं ते पुढे बघणं. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही, आणि आमच्या केसमध्ये तर पोलीसही नव्हते. ज्याने सांगितलं त्याला मी दुसऱ्या दिवशी चहावर हे सगळं ऐकवलं, म्हणे मला तर असंच ऐकायला आलं होतं.

निकाल: मध्यम. पिवळा टॅग. पण पिवळ्याच्या पुढे दीड पान लिहिलेलं, आणि माझ्या मते पैसे त्या दीड पानाचे आहेत. धोका कोणाला तर त्याच एका मुलाला, रस्त्यावरच्या कोणालाही नाही. कधी वाढेल, तर वर्गात नक्कल चालू राहिली, उभं करून मोठ्याने वाचायला लावलं, किंवा घरी मार बसला तर. कमी कशाने होईल आणि ते कोण करणार, याचा तक्ता, समोर नावं, समोर तारीख. शाळेने काय करायचं, माझ्या आईने काय, मुलाने काय (त्या मुलाला समोरासमोर माफी, स्पीच थेरपी). पहिल्या ओळीत वडील. 'हात उचलणार नाही.' आणि खाली लिहिलेलं की हा रिपोर्ट तीन महिन्यांपुरता, त्यानंतर परत बघणे. आमच्या कॅलिब्रेशन स्टिकरसारखं, ड्यू डेटसकट. एवढं नीट लिहिलेलं डॉक्युमेंट मी आमच्या सप्लायरकडून कधी बघितलं नाही.

शाळेला पूर्ण रिपोर्ट दिला नाही. शाळेने मागितला होता. मॅडम म्हणाल्या २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, घरातल्या गोष्टी शाळेच्या फाइलमध्ये कशाला, आमच्या सहीने एका पानाचं पत्र देऊ, शाळेला जे करायचंय तेवढंच. पत्र घेऊन गेलो तर तिथल्या बाईंनी सरळ शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, तो यस है या नो? मी म्हटलं बोला त्यांच्याशी. वीस मिनिटं फोनवर बोलणं झालं, मॅडमच बोलल्या, आणि सोमवारपासून मुलगा शाळेत. बाक बदलला, मोठ्याने वाचणं बंद, तो ग्रुप बंद (नवीन निघाला असेलच). दोघांना सरांसमोर बसवलं. त्या मुलाची आई मला गेटवर भेटली तर बोलली नाही, मान वळवली. ठीक आहे. टाके तिच्या मुलाला पडलेत.

मग चारच स्टार का, पाच का नाही. एक तर वेटिंग, पहिली अपॉइंटमेंटच ११ दिवसांनी मिळाली आणि तेवढे दिवस पोरगा घरी भिंतीकडे बघत. अशा केसमध्ये आधी एक छोटी भेट तरी द्यावी, आजचा दिवस सांभाळायला काय करायचं एवढं सांगायला. दोन, रिपोर्ट इंग्लिशमध्ये. मला कळतो, आईला कळत नाही आणि तक्त्यात आईचं नाव आहे, मी बसून तिला मराठीत सांगितला, त्यात माझी पहिली ओळ पण मलाच वाचून दाखवावी लागली. तीन, मॅडमनी स्वतःच सांगितलं की हे माप नॉर्थ अमेरिकेत बनलंय, काही खाने तिकडच्या कोर्ट-प्रोबेशनच्या हिशोबाचे आहेत, आपल्या मुलांना लावताना सांभाळून लावावं लागतं. प्रामाणिकपणाला मार्क, पण मग आपल्या भाषेत, आपल्या घरांवर घासून बघितलेलं माप कोणीतरी करायला पाहिजे ना, आजी एकाच घरात असते हा खाना तिकडे कुठून येणार. चार, पार्किंग. पलासियात कार नेऊच नका, ई-रिक्षा करा. आणि वेटिंगमधली ती वेताची खुर्ची बदला हो, आईची साडी दोनदा अडकली.

बाकी कोणी जाणार असाल तर, कुठल्याही सेंटरला, एवढं विचारा: रजिस्ट्रेशन नंबर काय, कोणकोणाशी बोलणार, रिपोर्ट किती दिवसांपुरता. एकाच दिवसात एकट्या मुलाला बसवून कायमचा निकाल देत असतील तर बाहेर या आणि त्या पैशात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोराला काहीतरी खायला घाला, जास्त फायदा होईल.

तीन महिन्यांची भेट नोव्हेंबरमध्ये झाली. मुलाला आधी बाहेर पेरूच्या झाडाखाली बसवलं, तक्ता काढला, आणि मला वाटलं शाळेपासून सुरुवात करतील. नाही, पहिल्या ओळीपासून. "सर, तुमचं?" मी सांगितलं, एकदा. अनंत चतुर्दशीला, विसर्जनाच्या झांकीची मिरवणूक बघून मुलगा रात्री तीन वाजता आला, फोन बंद होता, एक थप्पड. सौ. बाजूलाच बसली होती, तिने या वेळी खाली बघितलं नाही. मॅडमनी तारीख विचारली आणि लिहून घेतली.